चाळिसावं टिपण

लिहिलेलं जसंच्या तसं कुठल्याही यंत्रात ठेवायचं नाही, हा कायदा होऊन आठ वर्षं झाली होती आणि लोकांना त्याची सवयही झाली होती. मागितलं की पत्र समोर येत होतं, पुस्तक समोर येत होतं, मेलेल्या माणसाचा निरोपसुद्धा समोर येत होता. ते कुठून येतं याची चौकशी कोण करतो? नळाला पाणी आलं की धरणाचा विचार कुणी करत नाही.

आणि धरणामुळेच हे सगळं झालं होतं. त्याआधी माणसांनी लिहिलेलं, बोललेलं, काढलेलं सारं काही साठवणारी अवाढव्य घरं होती. त्यातली यंत्रं दिवसरात्र तापायची आणि त्यांना गार ठेवायला नदीएवढं पाणी लागायचं. एका उन्हाळ्यात गावांना टँकर आणि यंत्रांना पाईप असा प्रकार झाला. माणसं रस्त्यावर आली, यंत्रघरांची दारं फुटली, आणि शेवटी सरकारनं ठरवलं, की साठा शंभरातला एक भाग उरला पाहिजे.

तो उरवायची युक्ती पुण्याच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात आधीच तयार होती. तिचं नाव शेषसाठा. तिथे गेलेल्या तातोबा चौगल्याला ती युक्ती समजून घ्यायची होती, कारण त्याची पोरगी बदलली होती.

तातोबा कोल्हापूरकडचा गुळव्या. गुऱ्हाळावर उसाचा रस काहिलीत उकळत असतो, तेव्हा पाक झाला की नाही हे ठरवणारा एकच माणूस असतो, तो गुळव्या. घटकाभर आधी काहील उतरवली तर गूळ बसत नाही, उशिरा उतरवली तर करपतो. तातोबा उकळता पाक गार पाण्यात टाकायचा, बोटांत गोळी करायचा, आणि म्हणायचा, "उतरवा." पंचेचाळीस वर्षं त्यानं एवढंच केलं होतं. यंदा गावातलं शेवटचं गुऱ्हाळ बंद पडलं आणि त्याच्या हातांना काही काम उरलं नाही. तेव्हा त्यानं, नऊ वर्षांत पहिल्यांदा, मेलेल्या पोरीची टिपणं फोनवर उघडली.

"बाई, हे तिचं न्हाई," तो प्राध्यापिका हेमलता कुडाळकरांना म्हणाला. टेबलावर फोन ठेवून त्यानं तो दोन बोटांनी त्यांच्याकडे सरकवला.

कुडाळकरबाईंनी वाचलं. नेत्रा चौगले त्यांची एम.टेक.ची विद्यार्थिनी होती. अभ्यासातून वेळ मिळेल तेव्हा ती महाविद्यालयाच्या पानावर संगणकाविषयी काहीबाही लिहायची. त्याला तिनं नाव दिलं होतं, 'फावल्या वेळची मतं'. पहिलं टिपण समोर होतं. संगणक हा मानवाचा खरा मित्र आहे. त्याचा योग्य वापर केला तर तो वरदान ठरतो.

"काका, नेत्राचंच पान आहे हे. खाली नाव आहे तिचं."

"नाव हाय. पर बोलणं तिचं न्हाई." तातोबानं डोळे मिटले आणि पाढे म्हणावेत तसं म्हणू लागला, "संगणक हुशार नाही. तो फक्त कंटाळत नाही. आमच्या वर्गातला दिगंबर दोन्ही नाही, तरी त्याला नोकरी लागली."

बाईंना हसू फुटलं आणि लगेच विरलं. हे वाक्य त्यांनीही वाचलं होतं, आणि दिगंबर त्यावर आठवडाभर फुगून बसला होता. त्यांना ते आता आठवलं. वर्षभरापूर्वी याच पानावर वरदानवालं वाक्य वाचताना मात्र आठवलं नव्हतं.

"तुम्हाला हे पाठ कसं?"

"मला यायचंच काय दुसरं? मी वाचायला शिकलो साठीत, बाई. रात्रशाळेच्या मास्तरांनी पुस्तक दिलं, त्यात 'कमळ बघ' हुतं. मी म्हटलं, कमळ मी बघितलंय, पोरगी काय लिवती ते बघायचंय. मग ते तिचे कागद पंचायतीतनं छापून आणायचे. ह्या पयल्या टिपणाला मला अकरा दिवस लागले. एकेका अक्षरावर बोट ठिवून. धाव्या दिवशी दिगंबर निघाला. म्हटलं, हा कोण आणि? अकराव्या दिवशी कळलं ती त्याची चेष्टा हाय, तवा एकटाच हसलो काहिलीपाशी. चुलाणात जाळ घालणारा माणूस म्हणाला, गुळव्या बिघडला."

"ते कागद आहेत?"

"पंचगंगेला दिले. अस्थींसंगं. तिचं ते तिच्याबरोबर जावं म्हटलं. मूळ तर यंत्रात हायच की, असं समजलो."

बाईंनी शिपायाला सांगितलेला चहा नको म्हणून कळवलं. मग दाराला कडी घातली आणि म्हणाल्या, "यंत्रात मूळ नसतं, काका. सांगते."

त्यांनी एक कोरा कागद ओढला. "समजा, एका मुलीनं लिहिलं, 'आज मी सकाळी लवकर'. पुढे काय लिहिलं असेल?"

"उठले."

"बरोबर. तुम्हाला ओळखता आलं. यंत्रानं जगातलं सगळं लिखाण वाचलेलं असतं, त्यामुळे त्याला पुढचा शब्द बहुतेक वेळा ओळखता येतो. मग जे ओळखता येतं ते साठवायचं कशाला? मागितलं की पुन्हा ओळखून दाखवायचं. पण तिनं 'उठले' न लिहिता 'पळाले' लिहिलं असेल, तर तेवढाच फरक टिपून ठेवायचा. यंत्राच्या अंदाजातून आणि माणसाच्या लिहिण्यातून जे वेगळं उरतं, त्याला आम्ही शेष म्हणतो. शेष चिमूटभर असतो. तो अंदाजात मिसळला की पूर्ण मजकूर परत उभा राहतो."

तातोबानं विचार केला. "म्हंजी रस आटवून गूळ करायचा. ठेवायला सोपा. आणि मागितला की पाणी घालून परत रस करायचा."

"अगदी तसंच."

"होत न्हाई तसा, बाई. गोड पाणी होतंय."

कुडाळकरबाईंनी मान खाली घातली. "सुरुवातीला होत होता. शेष पूर्ण होता तोवर शब्दन् शब्द बरोबर यायचा. मग पहिल्याच वर्षी साठा आणखी कमी करायचा हुकूम आला. तेव्हापासून दर वर्षी छाटणी होते. वाचणारा वाचताना कुठे थांबतो, कुठे मागे येतो, हे फोनला कळतं. ज्या शेषापाशी वर्षभरात कुणीच थांबलं नाही तो कापून टाकायचा. तिथे मग यंत्राचा अंदाज येऊन बसतो. नेत्राच्या पानांवर नऊ वर्षांत कुणी थांबलंच नाही, मीसुद्धा नाही. आठ छाटण्या झाल्या."

"कुणी काढला हा नियम?"

बाईंनी समोरचा कागद बाजूला सारला. "तिनंच. एकतिसाव्या टिपणात. गंमत म्हणून लिहिलं होतं. माणसं आपला प्रत्येक शब्द जपून ठेवतात जणू तो सोन्याचा आहे. वाचणारा जिथे अडत नाही तिथे बिनधास्त कापा, सुरुवात माझ्यापासून करा. असं काहीतरी. ती गेल्यावर आम्ही तिची सगळी कागदपत्रं चाळली, तेव्हा मला ते शहाणपणाचं वाटलं. मी नियम करून पाठवला."

"आन् मी तर सारखा अडत हुतो," तातोबा म्हणाला. "शब्दाशब्दाला अडत हुतो."

"कागदावर, काका. यंत्राला ते दिसलंच नाही."

अडत हुतो, हे तातोबा काही रागानं म्हणाला नव्हता. पण बाईंना ते लागलं. त्या उठून खिडकीशी गेल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "यावर एक उपाय असतो. त्याला साक्ष म्हणतात. मूळ मजकूर आठवणारा माणूस जिवंत असेल तर त्यानं येऊन तो सांगायचा. सांगितलेलं कधीच छाटलं जात नाही. पण एका मजकुराची साक्ष एकदाच घेतात. नाहीतर लोक रोज येऊन आपापल्या माणसाला सुधारत बसतील."

"किती लोक येतात?"

"आजवर या जिल्ह्यात सतरा आले. सगळे जमिनीच्या कागदांसाठी." त्या वळल्या. "मेलेल्या माणसांच्या लिखाणाबद्दल तक्रार घेऊन आलेले तुम्ही पहिले. लाखो पानं आहेत तशी. एकही तक्रार नाही. मला वाटायचं, युक्ती चांगली चालली आहे."

एकोणचाळीस टिपणांची साक्ष द्यायला तातोबाला तीन दिवस लागले. महाविद्यालयाच्या पाहुणेखोलीत तो राहिला, सकाळी अंघोळ करून यायचा, टोपी काढून मांडीवर ठेवायचा आणि बोलायचा. बाई लिहून घ्यायच्या. अपडेट म्हणजे न सांगता आलेला पाहुणा, जाताना स्वयंपाकघरातली भांडी हलवून जातो. पासवर्ड इतके झाले आहेत की माझ्या घरात चोर शिरू शकेल, मी नाही. ज्यानं हे बटण इथे ठेवलं त्याला एकदा आमच्या म्हशीची धार काढायला बसवलं पाहिजे. बाई मधेच हसायच्या, डोळे पुसायच्या. वीस टिपणं शब्दन् शब्द आली. काही ठिकाणी तो अडला आणि म्हणाला, "हितं कायतरी हुतं, पर आता न्हाई हाताला लागत." तिथे अंदाज तसाच राहिला.

चौथ्या दिवशी चाळिसावं टिपण उरलं. ते तिचं शेवटचं. बाईंनी सध्याचा मजकूर पडद्यावर आणला आणि मोठ्यानं वाचला.

"यंत्र कितीही पुढे गेलं, तरी माझ्या आबांच्या बोटांना जे कळतं ते यंत्राला कधीच कळणार नाही. मी सुट्टीत गुऱ्हाळावर गेले होते. आबा पाकाची गोळी करतात तेव्हा सगळं गुऱ्हाळ गप्प होतं. मी कितीही शिकले तरी ती विद्या मला येणार नाही." बाई थांबल्या. "आणि शेवटी आहे, आबा, रविवारी फोन करते, तेव्हा सांगा यंदाचा गूळ कसा उतरला."

तातोबा जमिनीकडे बघत होता.

"हे राहू द्यायचं का, काका?" बाईंनी हळूच विचारलं.

"असलं न्हवतं ते."

मग त्यानं सांगितलं. त्या वर्षी नेत्रानं सुट्टीत येताना एक काडी आणली होती, पाकात बुडवली की आकडा दाखवणारी. वर्गातल्या पोरांनी बनवलेली. तिनं तीस काहिली मोजल्या आणि काही न बोलता परत गेली. महिन्याभरानं टिपण आलं. तातोबा तेव्हा चांगला वाचू लागला होता आणि पोरीचं टिपण आलं की गुऱ्हाळावर सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचा. चरकावरची माणसं, चुलाणातली माणसं, गाडीवान, सगळे हात पुसून बसायचे. पण नवा वाचणारा आणि जुना वाचणारा यांच्यात एक फरक असतो. जुन्याचे डोळे पुढे धावतात, ओळीच्या शेवटी काय आहे ते त्याला आधी दिसतं. नव्याला तोंडातल्या शब्दापलीकडचं दिसत नाही. तातोबा चाळीस माणसांसमोर उभा राहून एकेक शब्द उच्चारत गेला, आणि शब्द तोंडातून सुटल्यावरच त्याला कळत होतं की पोरगी काय म्हणते आहे.

"काय म्हणत होती?"

तातोबानं टोपी घट्ट धरली. "काडी एकोणतीस वेळा बरोबर आली. आबा बावीस वेळा. आबांना वाटतं त्यांच्या बोटांना कळतं. बोटांना कळत नाही. बोटांना सवय असते, आणि चुकलेल्या आठ काहिली ती सवय सोयीनं विसरते."

खोलीत पंखा फिरत होता.

"बावीस म्हटल्यावर एक गाडीवान हसला. मग सगळीच. मला थांबता यीना, बाई. वाक्य अर्धं टाकून कसं थांबायचं, ते मला शिकवलंच न्हवतं कुणी. सवय इसरते म्हणूस्तवर वाचलं आणि कागुद चुलाणात टाकला. पुढं अर्ध पान हुतं."

"ते अर्ध पान..."

"वाचलंच न्हाई. तिला फोन बी केला न्हाई. अकराव्या दिवशी तुमच्या वसतिगृहातनं फोन आला, डेंग्यू झालाय, निघा. मी पोचलो तवा बोलण्यापलीकडं गेली हुती."

बाईंना ते दिवस आठवत होते. दवाखान्याच्या पायरीवर बसलेला हा माणूस आठवत होता. त्याच्या हातात गुळाचा रवा होता, लहानशी ढेप, फडक्यात बांधलेली.

त्यांनी पडद्यावर काही तपासलं, पुन्हा तपासलं. मग खुर्ची त्याच्याजवळ ओढून घेतली. "काका, नीट ऐका. या टिपणात शेष शून्य आहे. म्हणजे एकही शब्द राखून ठेवलेला नाही, सगळा अंदाज आहे, तिच्या बाकीच्या टिपणांवरून केलेला. वरचा भाग बदलला हे तुमच्या सांगण्यावरून कळलं. पण खालचा भाग, तो फोन करते म्हणणारा, त्याचं काहीच सांगता येत नाही. शेष शून्य दोन कारणांनी होतो. एक, छाटला गेला म्हणून. दुसरं, तिनं खरंच तेच लिहिलं होतं, कुणीही मुलगी लिहील तसंच, म्हणून राखायला वेगळं काही उरलंच नाही."

"म्हंजी ते तिचं असंल बी."

"असेलही. पण आता अडचण आहे. यंत्र पुढचं वाक्य मागच्या वाक्यावरून ओळखतं. तुम्ही वरचा भाग बदलला, की खालचा भाग नव्या वरच्या भागाला जुळेल असा पुन्हा तयार होईल. तिथे शेष नाही, त्यामुळे त्याला धरून ठेवणारं काही नाही. रविवारी फोन करते हे वाक्य राहील की जाईल, मला माहीत नाही. गेलं तर परत आणता येणार नाही." त्या घाईनं पुढे म्हणाल्या, "तुम्ही म्हणालात तर आत्ताचं पान मी हातानं उतरवून देते. कागदावर ठेवा."

तातोबानं पडद्यावरून नजर काढून बाईंकडे पाहिलं. मग विचारलं, "तुमचं कुणी हाय का ह्यात, बाई?"

"आई आहे."

"काय लिवलंय?"

"माझ्याबद्दल..." बाई म्हणाल्या, आणि थांबल्या. "सगळं चांगलंच लिहिलंय."

"भांडायची का तुमच्यासंगं?"

"रोज."

दोघंही पडद्याकडे बघत बसले. माझ्या आबांच्या बोटांना जे कळतं. तातोबानं ते पुन्हा वाचलं, ओठ हलवत. त्याला ते आवडलं होतं. गेल्या महिन्यात पहिल्यांदा उघडलं तेव्हा चार वेळा वाचलं होतं, अंगणात फेऱ्या मारल्या होत्या, आणि घटकाभर त्याला वाटलंही होतं की गुऱ्हाळावरचं ते हसणं आपल्याला पडलेलं स्वप्न असावं. पोरगी अशी बोलणारी असती तर त्यानं फोन केला असता. त्याच दिवशी केला असता. मग ती म्हणाली असती, आबा, अंगात कणकण आहे. मग तो त्याच रात्रीच्या गाडीत बसला असता.

"कागुद नको," तो म्हणाला. "दोन-दोन पोरी घेऊन काय करू? ही गोड पोरगी मी सांभाळली न्हाई, बाई. हिला मी ओळखत बी न्हाई. ल्हानपणापासनं माझ्या चुका मोजणारी एकच हुती. तिची आई गेल्यावर तर घरात दुसरं कोण बोलायलाच न्हवतं. लिवा."

"काका, पुन्हा विचार करा. घाई नाही."

"लिवा म्हटलं की."

त्यानं सांगितलं, बाईंनी लिहिलं. प्रत्येक वाक्यापाशी पडद्यावर एक ओळ उमटत होती. हे विधान लेखिकेच्या स्वभावाशी जुळत नाही. ठेवायचे का? प्रत्येक वेळी बाई त्याच्याकडे बघायच्या आणि तो यंत्राला म्हणायचा, "ठेव." एकोणतीस. ठेव. बावीस. ठेव. बोटांना कळत नाही. इथे त्यानं स्वतःची बोटं पाहिली आणि म्हणाला, "ठेव." विसरते, या शब्दापाशी त्याची साक्ष संपली. बाईंनी शिक्का उमटवला.

पडदा क्षणभर कोरा झाला. मग वरचा अर्धा भाग आला, तातोबाच्या तोंडचा. त्याखाली, ओळीमागून ओळ, दुसरा अर्धा भाग आला.

बाईंनी तो एका नजरेत वाचला आणि पडदा बंद करायला हात पुढे केला. तातोबानं त्यांचं मनगट धरलं, हलकेच. मग बोट काचेवर ठेवून स्वतः वाचू लागला.

"आबांना हे पटणार नाही. त्यांना पटवत बसायला मला वेळ नाही. जी माणसं आकड्यांपेक्षा हट्टावर जास्त विश्वास ठेवतात, ती मागे राहतात, आणि त्यांच्यासाठी कुणी थांबावं असं मला वाटत नाही."

तो शेवटपर्यंत गेला. फोनचं नाव कुठेच नव्हतं.

"काका," बाई म्हणाल्या, "हा अंदाज आहे. नुसता अंदाज. वरचा भाग कडक झाला म्हणून खालचाही तसा आला. हे तिनं लिहिलंय असं नाही."

"न लिवलंय असं बी न्हाई."

"नाही. तसंही नाही."

"तिचाच सूर हाय," तो म्हणाला. त्यानं पुन्हा वाचलं. "थांबावं असं मला वाटत नाही. अशीच बोलायची. दारात चप्पल घालता घालता."

त्याचा चेहरा बदलत होता. नऊ वर्षं त्यानं पोरीवर राग धरला नव्हता. मेलेल्या लेकरावर कुणी राग धरत नाही. तो स्वतःवरच रागावून जगला होता, आणि ते त्याच्या अंगवळणी पडलं होतं. आता त्याची मान ताठ झाली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. यंत्रानं काही क्षणांपूर्वी जुळवलेल्या चार ओळींवर त्याचं बोट रोवलेलं होतं.

"मागं राहतात म्हणं," तो म्हणाला. "वेळ न्हाई म्हणं हिला. हिच्या शिक्षणापायी दोन-दोन गुऱ्हाळं केली मी एका हंगामात, तवा कुणाला वेळ हुता?"

"काका..."

"तुमी मधी पडू नका, बाई." त्यानं टोपी डोक्यावर चढवली, फोन सदऱ्याच्या खिशात टाकला आणि उठून उभा राहिला. "लई शिकली म्हणून काय झालं? मी न्हाई आपणहून बोलायचा. करू दे आधी तिनं फोन."